मोठ्यानं म्हटलेलं साधू

धुळे,
६ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
आबांचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं ठीक. ऊन बेचाळीसवर गेलंय, त्यामुळे दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागली आहे. लोकांच्या विहिरी आटतात तेव्हा आपला सीझन असतो, हे बरं नाही, पण आहे तसं आहे. तुझ्या आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी ती स्वतः.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. काल बोलताना तुझा फोन स्पीकरवर होता. नाही म्हणू नकोस. चाळीस वर्षं मोटरीला कान लावून पोट भरलं आहे. आवाज थेट येतोय की भिंतीला आपटून येतोय, एवढं मला कळतं. शिवाय तुझ्या मागे कोणीतरी बांगड्या वाजू नयेत म्हणून हातानं धरून उभं होतं. एकदा वाजल्या आणि मग अजिबात वाजल्या नाहीत, तिथंच मला कळलं. म्हणून यापुढे कामाचं बोलणं कागदावर. झुलालचा टेम्पो आपल्या मोटरी घेऊन जळगावला जातो, मेहरूणला तुझ्या दारावरूनच. पत्र तो देईल, उत्तर त्याच्याच हाती दे. तो उघडून वाचणार नाही. त्याला चष्मा लागलाय आणि तो ते मान्य करत नाही.

आता मुद्दा. मी मिनूला गमतीनं विचारलं की मम्मीच्या पोटातलं बाळ कोणाचं. मला वाटलं, मिनूचं म्हणेल. ती म्हणाली, बाळ मोठीआईचं, मिनू मम्मीची. दोन वर्षांचं पोर स्वतःच्या मनचं बोलतं तेव्हा तीनदा अडखळतं. हे तिनं पाठ केल्यासारखं घडाघडा म्हटलं. मोठीआई म्हणजे तुझी थोरली जाऊ कामिनी; ती मिनूला सांभाळते, लळा आहे, हे मी जाणतो. पण हे वाक्य लळ्याचं नाही, कोणीतरी पढवलेलं आहे. कोणी, ते बघ आणि कळव.

गोळ्या वेळेवर घे. जावईबापूंना आणि सगळ्यांना जयभीम. आमच्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आबा (झिपरू)

•

मेहरूण, जळगाव,
१० एप्रिल २०२५

आदरणीय आबा व आईस,
संघमित्राचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. स्पीकर होता, खरं आहे. पण तो मी नाही, मिनूनं लावला होता. बांगड्या सासूबाईंच्या.

पाचवा सरून सहावा लागला. उलट्या थांबल्या, पायावर सूज आहे. डॉक्टरांनी मिनूला उचलू नका म्हणून बजावलंय. तेव्हापासून मी बसले की मिनू आधी माझ्या पोटाकडे बोट करून परवानगी मागते आणि मगच पायावर टेकते. परवा तिनं दुधात भिजवलेलं बिस्किट माझ्या बेंबीला लावलं. बाळ भुकेलंय म्हणे. मुंग्या लागल्या गाउनला. सकाळी आठला मी लॅबमध्ये जाते तेव्हा ती वर कामिनीताईंकडे असते, दोनला परतते तेव्हा जेवून झोपलेली असते. घर असं चाललंय.

तुमचं वाचून मी मिनूला पुन्हा विचारलं. तेच वाक्य, तसंच. मग सासूबाईंना विचारलं. त्या कुरडयांचा चीक हाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, मीच शिकवते, लेकराला आत्तापासून सवय झालेली बरी, नाहीतर बाळ वर नेताना रडून गोंधळ घालेल. मला वाटलं, सासूबाई माझी फिरकी घेताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ठरलेल्या गोष्टीवर हसायचं काय? तुझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत साधू म्हटलंय, ते काय उगाच?

आबा, मी चौकटीला धरून उभी राहिले. त्यांचा हात चिकात फिरतच होता.

सोळा फेब्रुवारीला मिनूच्या दुसऱ्या वाढदिवसाची वंदना झाली, ते आठवा. बौद्धाचार्यांची गाथा संपली, मग दानाच्या घोषणा झाल्या. कोणी विहाराला पंखा दिला, कोणी वाचनालयाला पुस्तकं. प्रत्येक घोषणेला मान्यता म्हणून सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं. सगळ्यात शेवटी सासूबाई उठल्या आणि त्यांनी जाहीर केलं की धाकटीच्या पोटातलं हे दुसरं बाळ या घराच्या वतीनं थोरलीच्या ओटीत दिलं. त्यालाही सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं. मी नव्हते तिथं, हे सगळं त्यांनीच आता सांगितलं. मिनूनं खीर डोक्यावर ओतून घेतली होती, मी तिला मोरीत धूत होते. आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तुम्ही मात्र पहिल्या रांगेत होता.

प्रशीलला विचारलं. तो बूट काढत होता, एक बूट पायातच राहिला. म्हणाला, मला वाटलं तुमचं बायकांचं आधीच ठरलेलं आहे. दोन महिने हा माणूस माझ्या शेजारी झोपतोय! मी त्याच्याशी आता मिनूच्या बाटलीपुरतंच बोलते.

आबा, तुम्ही खरंच म्हणालात का? फक्त हो की नाही कळवा.

तुमची,
संघमित्रा

•

धुळे,
१५ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
आशीर्वाद.

हो.

काल जयंतीची मिरवणूक दुकानावरून गेली. पोरं हाका मारत होती, आबा या, आबा या. मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. जन्मात पहिल्यांदा.

काय झालं ते जसंच्या तसं सांगतो, स्वतःची बाजू न घेता. तुमच्या शेजारच्या इमारतीची पाण्याची मोटर त्या वेळी चालू होती. तिचं बेअरिंग गेलेलं होतं. घरघरीत मधूनच एक बारीक किणकिण येत होती. मी मनात हिशेब मांडत होतो की ही आज जळते की उद्या. अंग बैठकीत, कान भिंतीपलीकडे. सगळे साधू म्हणत होते, मीही म्हणत होतो, आणि माझा आवाज तुला माहीत आहे. जळगावची मोटर ऐकली आणि स्वतःच्या नातवंडाचं ऐकलं नाही.

तुझ्या आईला सांगितलं. ती आधी पाटावर बसली. मग म्हणाली, तुमना कानले बठ्ठा गावन्या मोटरी ऐकू येतस, घरनं काहीच ऐकू येस नही. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि ताट मात्र वेळेवर वाढलं. शिक्षा कशी द्यायची हे बाईला कळतं.

काल मी लताबाईंना फोन केला. म्हटलं, विहीणबाई, माझ्या हातून चूक झाली, मी ऐकलंच नव्हतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, दादा, सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच म्हणालात. मी तर घरी सगळ्यांना सांगितलं की बाप असावा तर असा. आता लोकांपुढे म्हटलेलं फोनवर कसं परत घेता?

त्यांचं हे बोलणं मला लागलं, कारण ते बरोबर आहे. बाराव्या वर्षी मी दुसऱ्याच्या दुकानात मोटरी धुवायला लागलो. शाळा नाही, जमीन नाही, ओळख नाही. तोंडाचा शब्द तेवढा जवळ होता. झिपरू म्हणाला शनिवारी, म्हणजे शनिवारी, यावर हे दुकान उभं राहिलं. एकदाही मागे घेतला नाही. आणि आता घ्यायचा तर तो व्याह्यांच्या घरी, चार माणसांत, आणि तुला त्याच घरात राहायचंय.

पण एकदा तुला न विचारता बोलून बसलो, दुसऱ्यांदा तसं करणार नाही. तू सांग. तुझ्या मनात काय आहे? कामिनीच्या दोन वेळा झालेल्या गर्भपातांचं दुःख मला कळतं. तू द्यायचं म्हणालीस तरी मी तुझ्या मागे आहे, नाही म्हणालीस तरी आहे. पण स्पष्ट लिही.

लोभाची आशा कोणत्या तोंडानं करू? तरी करतो.

तुझा,
आबा

•

मेहरूण,
२२ एप्रिल २०२५

आदरणीय आबा,
सप्रेम जयभीम.

माझं बाळ मला हवंय. रात्रंदिवस आत लाथा मारतंय ते. ते मी कुणालाही देणार नाही. झालं स्पष्ट.

पण त्यापुढचं लिहायला हात धजत नाही, आबा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जिन्यात कामिनीताईंना गाठलं. म्हटलं, हवं होतं तर मला एका शब्दानं विचारायचं तरी होतं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला, वर गेल्या, दार लावून घेतलं. त्या दिवसापासून खाली पाऊल नाही. प्रशीलचे भाऊ रविंद्रदादा एकटे येतात, डबा घेऊन जातात, माझ्याकडे बघत नाहीत. मी लॅबमधून पंधरा दिवसांची रजा काढली आणि म्हटलं, बरं झालं, मिनूला मीच सांभाळीन.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातचं खाल्लं नाही. वरण-भात केला, केळं कुस्करलं, डोळे मिटून तोंड फिरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दिसेना. मी घरभर शोधते आहे, पोटाला हात लावून पलंगाखाली वाकते आहे, सासूबाई गल्लीत पळाल्या. ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. बंद दाराला पाठ लावून. चप्पल काढून बाजूला नीट ठेवलेली. मी खालून हाक मारली, मिनू, मम्मीकडे ये. तिनं मला पाहिलं आणि अगदी शहाण्यासारखं सांगितलं की मी घरी जाणार आहे.

आबा, घरी म्हणजे त्या दाराच्या आत. मी पोटातल्यासाठी भांडत बसले आणि हिला मी केव्हाच देऊन टाकलंय. कुणी घोषणा केली नाही, कुणी साधू म्हटलं नाही. रोज आठला दिली, दोनला झोपलेली आणली. उलट्या होत होत्या तेव्हा आठवडा आठवडा वरच झोपू दिली. कोणत्या तोंडानं भांडू मी आता?

मिनू रोज दोन-दोन तास बसते तिथं. चढायला बंदी नसती तर मीही जाऊन बसले असते.

काय करू, सुचत नाही. आईला सगळंच सांगू नका.

तुमची,
संघमित्रा

•

मेहरूण,
२६ एप्रिल २०२५

आदरणीय आबा यांना,
कामिनीचा जयभीम. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही घरी आलात की चहा आणून ठेवायचा आणि तुम्ही म्हणायचं, पोरी, साखर जास्त घाल, डॉक्टर धुळ्यात आहे. एवढीच आपली ओळख. झुलालभाऊ खाली थांबले होते, त्यांना मी खिडकीतून पिशवी सोडून हे पाठवते आहे.

पौर्णिमेला तुम्ही येऊन शब्द परत घेणार की काय, असं घरात बोलतात. आबा, घ्या. आणि घेताना माझाही घ्या, कारण मीही साधू म्हटलं होतं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला दुसरं काय म्हणता येणार होतं? मला वाटलं, संघमित्रानं माझी कीव येऊन स्वतःहून सांगितलंय. जिन्यात ती बोलली तेव्हा कळलं की तिलाही माहीत नव्हतं. मला बाळ हवंय का, हे सासूबाईंनी विचारलं नाही, यांनीही विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून माझी ओटी भरली आणि मी तशीच बसून राहिले.

मला नको आहे. हे लिहिताना माझा मलाच धक्का बसतो, पण खरं आहे. माझं रडायचं तेवढं रडून झालं. नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म मी आणलाय. वयाची अट पस्तीस, मला पस्तिसावं चालू आहे. यंदा नाही तर कधीच नाही. फॉर्म तांदळाच्या डब्यात आहे, अजून कुणाला दाखवलेला नाही.

मिनूचं मात्र वेगळं. ती दाराबाहेर बसते तेव्हा मी दाराच्या आत बसलेली असते. ती दारावर नख घासते, मी ऐकते. मी दार उघडलं तर संघमित्राला वाटेल की चोरी करते. नाही उघडलं तर माझ्याच्यानं राहवत नाही. मला ती हवी आहे, पण दुपारपुरती. खाऊन, न्हाऊन, भांडून, खाली तिच्या आईकडे परत जाणारी.

हे संघमित्राला वाचायला दिलंत तर माझी हरकत नाही. मला समोर बोलता येत नाही.

आपली,
कामिनी

•

धुळे,
२८ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
आशीर्वाद.

सोबतचं पत्र उभ्यानं वाचू नकोस. मी उभ्यानं वाचलं आणि स्टुलावर आदळलो.

भरल्या घरात एक बाळ द्यायचं ठरलं, देणारीला माहीत नाही, घेणारीला नको. अशी मोटर मी जन्मात बघितली नाही. वायर कशाला जोडलेलीच नाही आणि सगळे म्हणतात चालू आहे.

डॉक्टरांनी तुला उचलायला बंदी केली आहे, चढायला नाही. मी फोन करून विचारून घेतलं. कठड्याला धरून सावकाश वर जा. मिनूच्या शेजारी बस आणि दार तू वाजव. पुढचं तुम्ही दोघी बघा.

बारा मेला, बुद्धपौर्णिमेला, मी येतो आहे. मोठ्यानं म्हटलं होतं, मोठ्यानंच परत घेईन. लताबाई दुखावतील. त्याची तयारी मनाची करून ठेव.

तुझा,
आबा

•

मेहरूण,
१४ मे २०२५

आदरणीय आबा व आईस,
संघमित्राचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई, आबांनी तुला पौर्णिमेचं सांगितलंच असेल, म्हणून थोडक्यात लिहिते. वंदना झाल्यावर ते उठले. म्हणाले, फेब्रुवारीत मी साधू म्हणालो तेव्हा माझे कान शेजारच्या मोटरीत होते. पंखा दान देता येतो, पुस्तक देता येतं. लेकरू देता येतं ते फक्त त्याच्या आईला, आणि तिनं दिलेलं नाही. माझं साधू मी परत घेतो, या वयात पहिल्यांदाच घेतोय. हात जोडलेले होते. मी तुम्हाला असं कधी पाहिलं नव्हतं, आबा. मग कामिनीताई उठल्या, माझंही परत, एवढंच म्हणाल्या, आणि कोर्सचं सांगितलं. रविंद्रदादांचा चहा बशीत सांडला. त्यांनाही नवीनच होतं. बौद्धाचार्य म्हणाले की विचारल्याशिवाय झालेलं ते दानच नव्हे, मीच त्या दिवशी थांबवायला हवं होतं. सासूबाई उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. तुम्ही त्यांना न भेटताच निघालात, आणि स्टँडवर मला म्हणालात की तुझं घर मी कडू करून ठेवलं, माफ कर.

आता तुमची बस सुटल्यानंतरचं सांगते.

आम्ही परतलो तेव्हा सासूबाई मागच्या खोलीत कुरडयांच्या चिकाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, वडिलांच्या वतीनं मी माफी मागते. त्या म्हणाल्या, बस. तुझ्या बापानं केलं ते माझ्या बापानं केलं असतं तर.

यावलचे हितेंद्रदादा तुम्हाला माहीत आहेत. दर उन्हाळ्यात केळीचा घड घेऊन येतात, प्रशीलचे चुलतभाऊ. आबा, ते चुलत नाहीत. रविंद्रदादांच्या पाठचे, प्रशीलच्या आधीचे, सासूबाईंच्या पोटचे आहेत. सासूबाई बावीस वर्षांच्या होत्या. थोरल्या जावेला मूल नव्हतं. हितेंद्रदादा पाच आठवड्यांचे असताना सासूबाईंच्या सासऱ्यांनी बैठकीत घोषणा केली, आणि सगळ्यांनी साधू म्हटलं. सासूबाईंचे वडील तिथंच बसलेले. मुलीकडचा माणूस, तेही म्हणाले. सासूबाई मागच्या खोलीत लेकराला पाजत होत्या. बाहेरून हाक आली की झालं का, आण इकडे. चार महिने दूध येत राहिलं आणि भिंतीपलीकडे पोर रडताना ऐकू यायचं. जळगावला बिऱ्हाड केलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता कुणी काही बोलायचं नाही. अडतीस वर्षं कुणी बोललं नाही. प्रशील दारात उभा राहून ऐकत होता.

मी विचारलं, मग माझ्या बाबतीत तुम्ही तसंच का केलंत? त्या म्हणाल्या, मी दिलं ते चुकलं नव्हतं, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तू हसत दिलं असतंस, तिनं हसत घेतलं असतं, तर मी म्हटलं असतं, असंच असतं, माझंच मन कोतं.

मी त्यांचा हात धरला. तो चिकट होता, पिठाचा.

बाकी ठीक. तुमच्या पत्रानंतर मी वर जाऊन दार वाजवलं, ताईंनी उघडलं; तेव्हापासून मिनू दुपारी वर, संध्याकाळी खाली. मी तिला आणायला स्वतः जाते, दहा मिनिटं बसते, चहा पिते. काल तिनं वाक्य बदललं; आता बाळ मिनूचं आहे आणि आम्हाला कुणालाच मिळणार नाही. प्रशीलशी बोलणं सुरू केलंय. त्याच्यावर ओरडायचं तर बोलावं लागतंच.

काल सकाळी सासूबाईंनी यावलला फोन लावला. तिकडून नेहमीसारखं, बोला काकू, असं आलं. त्यांनी केळीचं विचारलं, उन्हानं पानं जळाली का विचारलं, सूनबाईंचं विचारलं, आणि फोन ठेवून दिला. मग मला म्हणाल्या की तोंडानं जमत नाही, तुम्ही बापलेक कागदावर बोलता तसं मला लिहून दे. आज दुपारी बसलो. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. दीड पान झालं, सगळं लिहिलं, आवंढेसुद्धा. शेवटी म्हणाल्या, सही माझी मी करते. पेन घेतला. खाली, तुझी, एवढं लिहिलं आणि पेन धरून बसल्या आहेत. मी समोर बसून तुम्हाला हे पत्र लिहिते आहे. मिनू झोपून उठली, चहा झाला, उन्हं उतरली. त्या अजून तशाच बसल्या आहेत, आणि मी घाई करत नाही.

आम्हा सगळ्यांवर लोभ करा, त्यांच्यावर थोडा जास्त.

तुमची,
संघमित्रा